लिनोवर घर कोरताना: स्वयंपाकघरातल्या बाईचं प्रिंट, स्केचपासून शेवटच्या छापापर्यंत

लिनो म्हणजे टूलनं कोरता येणारी मऊसर शीट. कोरून, शाई लावून तिचा कागदावर छाप घेतला की चित्राचं डावं-उजवं उलटतं, आणि कागद उचलला की चूक समोर येते. बाईचा पदर उजव्या खांद्यावर, चमकी उजव्या नाकपुडीत, भाकरी थापतोय डावा हात, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे उलटे. डोंगर किंवा झाड उलटं छापलं तर कुणाला कळत नाही. घरातलं दृश्य उलटं छापलं तर कोल्हापुरातली कुठलीही बाई एका नजरेत ओळखते.

ही चूक ठळक दिसते म्हणून तिची चर्चा जास्त होते. पण यापेक्षा जास्त प्रिंटं बिघडतात ती वेगळ्याच कारणानं: बाईभोवती बाह्यरेषा कोरायची, तिच्यामागे भांड्यांची मांडणी, चूल, खिडकी यांच्याही रेषाच कोरायच्या, आणि मग बाई खोलीत बसलेली न दिसता खोलीवर चिकटवलेली दिसते. लिनोत जे कोरतो ते पांढरं राहतं, म्हणजे आपण कोरतो तो उजेड. उजेड कुठून येतो हे ठरलं नसेल तर हात रेषांकडेच वळतो. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती आहेत.

इथे गृहीत धरलंय ते असं: २० × २५ सेंमीचा एक ब्लॉक (कोरायचा लिनोचा तुकडा), एकच काळा रंग, प्रेस नाही, चमच्यानं घासून छाप, १० प्रतींची आवृत्ती. रोज दोन-तीन तास मिळाले तर कोरणं आणि छापणं मिळून पाच-सहा दिवस लागतात. वाळवण वेगळं.

१. सामान आणि जागा

- लिनो, ३ मिमीच्या आसपास जाड, मागं तागाचं कापड असलेलं. मऊ रबराची शीट सरावाला ठीक, पण बांगडीएवढी बारीक रेष त्यावर थरथरते.
- टूल तीन, टोकाच्या आकारावरून नावं: बारीक व्ही, मध्यम यू, आणि मोठ्या जागा मोकळ्या करायला रुंद यू. सहा-सातचा संच घेतलात तरी काम हीच तीन करतात.
- १० सेंमीचा कडक रबरी रोलर आणि शाई पसरायला ३० × ३० सेंमीची जाड काच, कडा घासून घेतलेली.
- शाई: छापखान्यात ट्रेडलला (पायानं चालवायच्या छपाई यंत्राला) किंवा ऑफसेटला वापरतात ती तेलाची काळी शाई. पोस्टर कलर, स्टॅम्पपॅडची शाई किंवा दाराचा ऑइलपेंट चालत नाही. पोस्टर कलर कागद टेकण्याआधीच वाळतो, ऑइलपेंट कोरलेल्या खाचेत उतरतो.
- कागद: ६० ते ९० जीएसएमचा (चौरस मीटरमागे ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) गुळगुळीत हातकागद, २८ × ३५ सेंमीचे १४ तुकडे. दहा आवृत्तीचे, चार वाया जाणारे. प्रूफसाठी, म्हणजे चाचणीच्या छापासाठी, साधा न्यूजप्रिंट.
- ट्रेसिंग पेपर, ६बी पेन्सिल, काळा परमनंट मार्कर, हातातला आरसा, ४०० नंबरचा वॉटर पेपर, बटर पेपर.
- स्टीलचा मोठा, खोलगट चमचा. तो यापुढे स्वयंपाकात जायचा नाही. त्यावर रंगाची खूण करून ठेवा.

सगळ्यात जास्त फसगत कागदात होते. २०० जीएसएमचा जाड, खरबरीत कागद दिसायला देखणा, पण चमच्याचा दाब त्यातून खाली पोचत नाही आणि काळ्या जागेत पांढरे ठिपके राहतात. तो प्रेससाठी ठेवा.

शिवाय एक ठोकळा लागतो: ३० × ३० सेंमीचं प्लायवूड, एका कडेला खालून २ सेंमीची पट्टी, समोरच्या कडेला वरून तशीच पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला ब्लॉक टेकतो. कुठलाही सुतार अर्ध्या तासात करून देतो. हा नसला की ब्लॉक डाव्या हातानं पुढून धरला जातो, आणि टूल घसरलं की थेट त्या हातात.

तपासणी: लिनोचा कोपरा हलका वाकवा. वाकला तर ताजा आहे. भेग पडली किंवा भुगा सुटला तर तो जुना, सुकलेला आहे आणि बारीक रेष धरणार नाही. चांगला असेल तर वॉटर पेपरनं वरचा तुकतुकीत थर हलका घासून ओल्या फडक्यानं पुसून घ्या. न घासलेल्या लिनोवर शाई थेंबाथेंबानं जमते.

२. स्केच: आधी खाली बसा

ज्या बाईचं चित्र करायचं तिला आधी विचारा, आणि नंतर तिच्या उंचीवर बसा. उभ्यानं फोटो काढून त्यावरून केलेल्या चित्रात चुलीपुढची बाई म्हणजे डोक्याचा अंबाडा आणि पाठ, एवढीच उरते. पाटावर बसलात की तिचा चेहरा, हात आणि तवा एका पातळीत येतात, आणि मांडणी तिच्या डोक्यावर चढते. घरात काम करणाऱ्या माणसाला घर जसं दिसतं तसं ते इथूनच दिसतं. प्रिंटचं अर्धं म्हणणं या एका निर्णयात असतं.

उजेड कुठला ते पहिल्या पाच मिनिटांत ठरवा. कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत बहुधा तीन पर्याय असतात: परड्याकडचं दार, छपरातलं काचेचं कौल, किंवा चुलीचा जाळ. दारातला उजेड बाजूनं येतो आणि अंगाची एक कड धरतो. कौलाचा उजेड वरून पडून जमिनीवर चौकोन टाकतो, आणि तो चौकोन तुम्ही पाहता पाहता सरकतो. म्हणून आधी एक फोटो घ्या, मग स्केचला बसा. जाळाचा उजेड खालून येतो: हनुवटी, मनगटांची खालची बाजू, तव्याची कड. तिन्ही एकदम घेऊ नका. ट्यूबलाइट लावून फोटो काढला तर सावल्याच उरत नाहीत आणि कोरायला काही राहत नाही.

कामाचा क्षण निवडताना हात काय करतात ते नीट बघा. भाकरी थापताना बोटं जुळलेली असतात आणि भाकरी परातीत फिरत राहते. लाटण्याच्या कामात दोन्ही तळवे सपाट असतात. विळीवर भाजी दोन्ही हातांत असते, पातं हलत नाही. हे चुकलं तर पुढचं कोरीव काम कितीही सफाईदार असलं तरी उपयोग नाही.

तपासणी: पक्कं स्केच त्याच बाईला दाखवा. हात चुकला असेल तर ती लगेच दाखवते. कोरण्याआधी ही दुरुस्ती फुकट आहे.

माणूस काढण्याचा सराव नसेल तर घरच विषय करा. प्रिंटमेकर झरीना हाश्मी यांची १९९९ ची ३६ वुडकटांची (लाकूड कोरून काढलेल्या छापांची) मालिका, ‘होम इज अ फॉरेन प्लेस’, घराचा नकाशा, उंबरठा, दार, अंगण अशा खुणांवर उभी आहे, आणि प्रत्येक प्रिंटसोबत एक उर्दू शब्द आहे. एकही माणूस न काढता राहणाऱ्याची जाणीव होते. सोपा, माजघर, न्हाणी, परडं यांचा नकाशा २० × २५ सेंमीत छान बसतो, आणि पुढचे टप्पे तेच लागू पडतात.

३. काळं-पांढरं वाटून घ्या

स्केचवरून थेट लिनोवर जाऊ नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त काळ्या मार्करनं दोन-तीन छोटे आराखडे करा. पेन्सिल नाही, राखाडी नाही. आमच्या मते अशा दृश्यात निम्मं चित्र सपाट काळं, पाचवा हिस्सा सपाट पांढरा आणि उरलेल्यात पोत, एवढं साधलं की दृश्याला खोलपणा येतो. सगळीकडे सारखा पोत भरला की नजर कुठेच थांबत नाही.

काळ्याची भीती वाटते म्हणून लोक जास्त कोरतात. चित्रकार फेलिक्स व्हॅलोटन यांची १८९७-९८ मधली ‘अँतिमिते’ ही दहा वुडकटांची मालिका बंद खोल्यांमधल्या स्त्रीपुरुषांची आहे. तिथे कपडे आणि भिंती कित्येकदा एकाच काळ्यात मिसळतात, मधली रेष दिलेलीच नाही, आणि तरी माणसं दिसतात, कारण चेहरा, हात, दिवा एवढं पांढरं नेमक्या जागी आहे. तुमच्या माजघरातल्या बाईची पाठ मागच्या अंधारात विरली तर विरू द्या.

दुसरा प्रश्न नक्षीचा. इरकल लुगड्याचे काठ, फरशी, मांडणीवरचे डबे, खणाची चोळी, सगळंच नक्षीदार. नक्षीवर नक्षी आली तर दोन्हींची जाडी आणि दिशा वेगळी हवी. चित्रकार मेरी कसाट यांनी १८९०-९१ मध्ये केलेल्या दहा रंगीत प्रिंटांपैकी पत्र बंद करणाऱ्या बाईच्या प्रिंटात झग्यावर नक्षी आहे, मागच्या भिंतीवरही नक्षी आहे, आणि मधला पत्राचा कागद मात्र कोरा. ते कोरेपण दोन्ही नक्षींना वेगळं ठेवतं. ती पद्धत ड्रायपॉइंट-ॲक्वाटिंटची, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापायची, पण हिशेब लिनोलाही तोच. भाकरीचं पीठ, परात, उघडं दार यांपैकी एक जागा पूर्ण कोरी ठेवा.

४. चित्र उलटवून लिनोवर

१. पक्का आराखडा २० × २५ सेंमीत ट्रेसिंग पेपरवर ६बी पेन्सिलनं काढा. पदर डाव्या खांद्यावर, जसा दिसतो तसाच.
२. ट्रेसिंग पेपर पालथा करून लिनोवर ठेवा, वरून दोन ठिकाणी टेप लावा.
३. मागून चमच्यानं घासा. लिनोवर चित्र उलटं उमटेल, म्हणजे पदर उजव्या खांद्यावर. बरोबर आहे. छापल्यावर तो डावीकडे जाईल.
४. जे काळं राहायचं ते सगळं मार्करनं भरा. न रंगवलेलं तेवढंच कोरायचं.

कार्बन पेपर सरळ खाली ठेवून गिरवणं, ही इथली नेहमीची चूक. कार्बननं चित्र सरळ उमटतं आणि छाप उलटा येतो. कार्बनच वापरायचा तर ट्रेसिंग पालथा करून त्यावरून गिरवा.

तपासणी: ब्लॉक आरशासमोर धरा. आरशात पदर, चमकी, थापणारा हात, डब्यावरचं ‘चहा’, कॅलेंडर, सगळं सरळ दिसलं पाहिजे. नंतर ब्लॉकवर एखादी बांगडी जरी वाढवलीत तरी पुन्हा आरसा.

५. कोरणं

कोल्हापुरात थंडीत सकाळी लिनो कडक होतो. ब्लॉकखाली गरम पाण्याची पिशवी पाच-दहा मिनिटं ठेवली की तो लोण्यासारखा कापला जातो. उन्हात तासन्‌तास ठेवू नका, तो सुकून ठिसूळ होतो.

कोरण्याचा क्रम पाळा: आधी जमीन, मग भांडी, मग लुगडं, मग हात आणि चेहरा, आणि रुंद यूनं मोकळं करायचं ते सगळ्यात शेवटी. सुरुवातीला हात थंड असतो, त्यामुळे पहिली अर्धा तासाची चूक फरशीत गेली तर चालते, कपाळावर नाही. मोकळं करणं शेवटी, कारण आधी मोठ्या जागा खणल्या तर बारीक काठाला आधार राहत नाही.

कोरण्याची खोली दीड मिमी पुरे. ताग दिसला म्हणजे जास्त गेलात. टूल तिरकं धरून काळ्या काठाच्या बाहेर उतार द्या. काठाखाली कोरलं गेलं तर तो काठ पाच-सहा छापांनंतर तुटतो.

प्रत्येक वस्तूला वेगळी खूण द्या. शेणानं सारवलेल्या जमिनीवर हाताच्या फटकाऱ्यांचे अर्धगोल असतात, तेच यूनं द्या. शहाबादी फरशीला फक्त सांधे. स्टीलच्या डब्याला राखाडी नसतंच: एक उभी पांढरी पट्टी, लगेच काळी, पुन्हा बारीक पांढरी, आणि कडा कडक. पितळी कळशीचा उजेड पसरट, तिला पोटाच्या वळणानं जाणाऱ्या बारीक व्हीच्या रेषा. मांडणीवर चाळीस भांडी असली तरी चाळीस कोरू नका. उजेड ज्यांच्या काठाला लागतो ती आठ-दहा, बाकी काळी. पुढचा माणूस उरलेली मनात मोजून घेतो.

बांगड्यांकडे जरा थांबूया, कारण इथे बहुतेकजण पाच पूर्ण वर्तुळं कोरतात आणि मनगटावर स्प्रिंग बसवल्यासारखं दिसतं. चुलीचा जाळ खालून येत असेल तर प्रत्येक बांगडीचा फक्त खालचा तुकडा चमकतो. बारीक व्हीनं पाच छोटे काप द्या, प्रत्येक तीन-चार मिमी लांब, मधे एक मिमी काळं सोडून. पहिला आणि शेवटचा जरा आखूड. टूल दोन्ही टोकांना हळू वर उचला, म्हणजे कापाची टोकं निमुळती होतील आणि बांगडी मनगटाभोवती वळली असं वाटेल. वरची बाजू काळीच राहू द्या.

चेहऱ्याचंही तेच. या आकारात चेहरा दोन-अडीच सेंमीचा येतो. डोळा, नाक, ओठ वेगळे कोरायला गेलात की मुखवटा होतो. उजेडाच्या बाजूचं कपाळ, नाकाचा दांडा, गालाचं हाड, हनुवटीची कड: सहा ते आठ काप, बाकी काळं. चेहरा ताज्या धारेनं आणि ताज्या डोळ्यांनी, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी करा.

खबरदारी: दोन्ही हात नेहमी पात्याच्या मागे. वळणदार रेषेत टूल नाही, ब्लॉक फिरवा.

धार: लिनो भुरभुरायला लागला किंवा जोर वाढवावा लागला की थांबा. बोथट टूलच घसरतं. चप्पल करणाऱ्याकडे जाड कातड्याचा हातभर तुकडा मिळतो. तो लाकडी पट्टीवर खरबरीत बाजू वर करून चिकटवा आणि त्यावर पॉलिशची हिरवी वडी घासा. दर वीस मिनिटांनी टूल आठ-दहा वेळा मागे ओढा, कधीही पुढे ढकलू नका. व्हीच्या दोन्ही बाजूंना सारखे फटके द्या, नाहीतर तिचं टोक वाकडं होतं.

६. प्रूफ

सगळं कोरून झालं असं वाटतं, तेव्हा साधारण पाऊण काम झालेलं असतं. तेव्हाच न्यूजप्रिंटवर पहिलं प्रूफ काढा आणि भिंतीला लावून तीन मीटरवरून बघा. उजेड एकाच बाजूनं येतोय का? बाई आणि खोली एकाच उजेडात आहेत का? हात मागच्या भांड्यात हरवला असेल तर हात आणखी कोरण्याऐवजी भांडं काळं सोडायला हवं होतं, हे इथे कळतं. कोरलेलं परत भरता येत नाही, म्हणून दर वेळी थोडंच काढा आणि पुन्हा प्रूफ घ्या. तीन-चार प्रूफं लागतात.

मोकळ्या पांढऱ्या जागेत आडव्यातिडव्या काळ्या रेघा उमटल्या तर ते उंच राहिलेले कंगोरे आहेत. दारातल्या उजेडात थोड्या चालतात, त्या उजेडाला दिशा देतात. चेहऱ्याजवळ मात्र साफ करा.

७. छाप काढणं

कागदासाठी आधी साचा: जाड पुठ्ठ्यावर मधे २० × २५ सेंमीची जागा आखा, तिच्या दोन बाजूंना काटकोनात पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवा, आणि कागदाच्या कोपऱ्यांच्या खुणा करा. समास वर आणि बाजूंना ४ सेंमी, खाली ६ सेंमी. खालचा जास्त, कारण सही तिथे येते.

१. चमचाभर शाई काचेवर एका टोकाला घ्या. रोलर उभा-आडवा फिरवून पातळ थर करा. शाई बरोबर असेल तर सुती कापड हळू फाडल्यासारखा सरसर आवाज येतो. चपचप आवाज येत असेल, वर संत्र्याच्या सालीसारखे ठिपके दिसत असतील तर ती जास्त आहे.
२. ब्लॉकवर तीन पातळ थर द्या, प्रत्येक वेगळ्या दिशेनं, रोलर उचलत. एक जाड थर कधीच नाही. बांगड्यांमधलं एक मिमी याच चुकीनं बुजतं.
३. ब्लॉक साच्यात बसवा, कागद खुणांवर टेकवून सोडा. एकदा टेकला की हलवू नका.
४. तळहातानं मधून बाहेर दाबा. वर बटर पेपर ठेवून चमच्यानं लहान गोल घासा. पूर्ण छापाला आठ-दहा मिनिटं द्या. काळ्या जागांवर जोर, मोकळ्या पांढऱ्या जागांवर अजिबात नाही, नाहीतर कागद खाली दबून डाग घेतो.
५. एक कोपरा उचलून बघा. फिकट असेल तर तो परत टेकवा, तिथे आणखी घासा.
६. पुढच्या छापाआधी काचेवर हरभऱ्याएवढी शाई वाढवा.

पहिले दोन-तीन छाप फिकटच येतात, ते मोजू नका.

उन्हाळ्यात शाई सैल पडते. तेव्हा ती वर्तमानपत्रावर पसरून पंधरा मिनिटं ठेवा, जास्तीचं तेल कागद पितो. घट्ट असेल तर जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब, जास्त नाही. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, कागद आधीच ओलसर असतो. त्यामुळे १४ तुकडे आदल्या रात्री वर्तमानपत्रांत घालून, वर वजन ठेवून सपाट करा. नाहीतर ते लहरतात आणि खुणांवर बसत नाहीत.

खबरदारी: ओट्यावर छापत असाल तर गॅस बंद, आणि रॉकेल-टर्पेंटाइन त्या खोलीत नको. शाई आधी कोरड्या फडक्यानं, मग खाद्यतेलानं, मग भांड्यांच्या साबणानं निघते. तेलकट फडकी चुरगळून बादलीत टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गुंडाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती बाहेर दोरीवर मोकळी वाळवा, मगच टाका.

८. वाळवण, सही, ब्लॉक

छाप दोरीला चिमट्यानं लटकवा, एकमेकांना लागणार नाहीत असे. उन्हाळ्यात चार-पाच दिवस, पावसाळ्यात दोन आठवडेही लागतात. कोपऱ्यातलं काळं कोरड्या बोटानं दाबून बघा. बोटाला काही लागलं नाही तरच एकावर एक ठेवा, आणि मधे बटर पेपर घाला. पंख्याखाली घाई केली तर वरची साय वाळते, खालची शाई ओली राहते आणि चार दिवसांनी छाप एकमेकांना चिकटतात.

सही पेन्सिलनं, खालच्या समासात: डावीकडे १/१०, २/१०, मधे नाव, उजवीकडे सही आणि साल. पेननं नको, तिची शाई पसरते आणि उडते. स्वतःसाठी ठेवलेल्या एकदोन प्रतींवर आकड्याऐवजी ‘ए.पी.’ (आर्टिस्ट्स प्रूफ, म्हणजे कलावंताची प्रत) लिहा. दहा छाप एकसारखे असतील तरच दहा लिहा. सात चांगले आले असतील तर आवृत्ती सातची. सहीची पहिली प्रत जिच्याकडे बसून स्केच केलं तिला द्या.

आवृत्ती पूर्ण झाली की ब्लॉक रद्द करतात, म्हणजे पुढे कुणी जास्तीची प्रत काढू नये. व्हॅलोटन यांनी त्या मालिकेच्या ३० प्रती छापल्या, लाकडी ब्लॉक कापून टाकले, आणि ते खरंच कापले याचा पुरावा म्हणून त्या तुकड्यांचाही एक छाप काढला. तुम्हाला कापायचा नसेल तर रुंद यूनं ब्लॉकवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी खाच मारा, त्याचा एक छाप काढून त्यावर ‘रद्द’ लिहा, आणि तो आवृत्तीसोबत ठेवा. ब्लॉक जपून ठेवायचाच असेल तर तेल-साबणानं पुसून, टाल्कम पावडर लावून, सपाट ठेवा. गुंडाळलेला लिनो पुन्हा सरळ होत नाही.